पावणेदोन इंचाची फळी

पहिली इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी बनवायला निघालेला माणूस सगळ्यात आधी लाकडापाशी अडतो. तारा, पिकअप, खुंट्या, घोडी हे सगळं विकत मिळतं. तयार मानही मिळते. धड मात्र स्वतः करायचं असतं. ते कशाचं करावं म्हणून चौकशी केली की तीन नावं पुढे येतात: अ‍ॅश, आल्डर, महोगनी. अ‍ॅशचा आवाज खणखणीत, महोगनीचा भरदार, आल्डरचा दोन्हींच्या मधला, हेही लगोलग सांगितलं जातं. अ‍ॅश आणि आल्डर आपल्याकडच्या वखारीत सहसा नसतंच, आणि महोगनी म्हणून जे दाखवतात ते बऱ्याचदा दुसऱ्याच झाडाचं असतं. मग हौसेने आणलेले सुटे भाग खोक्यात पडून राहतात.

ही नावं आली कुठून, याचा माग काढावासा मला वाटला तो यासाठीच. त्या वाटेने मागे गेलं की आवाजाच्या पारखीपेक्षा लाकडाचा भाव, रंगकामाची दगदग आणि कारखान्याच्या आसपास काय मिळतं, याच गोष्टी जास्त भेटतात.

लाकडावरची श्रद्धा जन्मली पोकळ गिटारमध्ये, आणि तिथे ती रास्त आहे. अकूस्टिक गिटारमध्ये तारेची थरथर घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ती स्प्रूसची किंवा सीडरची फळी कशी आहे, तिच्या रेषा किती सरळ आहेत, यावर वाद्याचं नशीब ठरतं. आजच्या स्पॅनिश गिटारला रूप देणारा कारागीर अंतोनियो दे तोरेस याने 1862 मध्ये एक विलक्षण गिटार केली. तिची पाठ आणि बाजू त्याने पुठ्ठ्याच्या केल्या, वरची फळी मात्र नेहमीसारखी उत्तम लाकडाची ठेवली. आवाज वरची फळी देते, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही आहे. पाठीला ब्राझिलियन रोझवूडच हवं असं मानणाऱ्या जगात, त्या परंपरेचा मोठा गुरूच पुठ्ठा वापरून बसला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इलेक्ट्रिक गिटारचं तंत्र मुळातच वेगळं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज उमटते. लाकूड हलतंय की नाही हे पिकअपला थेट कळत नाही. लाकडाने तारेच्या हलण्यात जो काही फरक पाडला असेल, तेवढाच त्याच्यापर्यंत पोचतो. 1931 मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचमने असं पिकअप लावून मांडीवर ठेवून वाजवायची हवाइयन गिटार बनवली, तेव्हा नमुन्याचं धड लाकडात कोरलेलं होतं. पुढच्याच वर्षी ती बाजारात आली ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. तव्यासारख्या आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर उतरत. म्हणून 1935 मध्ये बेकेलाइटचं धड आलं. म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच लाकूड, धातू आणि प्लॅस्टिक असे तिन्ही पदार्थ वापरून झाले होते.

उभं राहून वाजवायच्या गिटारचं दुखणं निराळं होतं. पोकळ धडाच्या गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरमधला आवाज परत धडात शिरे, धड थरथरे आणि गिटार घुमून किंचाळू लागे. लेस पॉल या वादकाने त्यावर विचार सुरू केला तो पोरवयात. तो सांगत असे की विस्कॉन्सिनमधल्या आपल्या गावी त्याने रुळाच्या एका तुकड्यावर तार ताणली, खाली टेलिफोनचा रिसीव्हर धरला आणि ऐकलं. आधार जितका अचल, तितकी तार जास्त वेळ गात राहते, हे त्याला तिथे समजलं. रूळ गळ्यात अडकवता येत नाही, म्हणून 1940-41च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी जागा मागून घेऊन, त्याने चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला आणि त्यावर मान, घोडी आणि पिकअप चढवलं. घरबांधणीत खांबाला वापरतात तसला हा साधा ओंडका. वाजवून दाखवला तर लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरून तिचे दोन अर्ध त्या ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. आवाज तोच, पण आता ती गिटारसारखी दिसू लागली आणि लोकांना आवडली. ऐकणारा डोळ्यांनीही ऐकतो, हे या धंद्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

गिब्सन कंपनीने त्याचा ओंडका नाकारला. वाट मोकळी झाली ती कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यासाठी. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्यकारागिरांच्या घराण्यातलाही तो नव्हता. वस्तू झटपट बनावी, मोडली तर दुरुस्त करता यावी आणि परवडावी, एवढं त्याला कळत होतं. त्याने मान डिंकाने चिकटवण्याऐवजी स्क्रूने आवळली आणि धड म्हणून सपाट फळी घेतली. 1949च्या नमुन्याची फळी पाइनची होती, पांढऱ्या रंगाने झाकलेली. 1950 मध्ये विक्रीला निघालेल्या एस्क्वायर गिटारमधल्या सुरुवातीच्या काहींची धडंही पाइनचीच, दीड इंच जाडीची आणि काळ्या रंगाची. पाइन तिथल्या कुठल्याही वखारीत मिळे, स्वस्त असे, कापायला सोपं असे. मात्र ते मऊ. नख दाबलं तरी वण पडतो, पट्ट्याचं बकल घासलं तर खड्डा पडतो.

त्याच वर्षी फेंडर अ‍ॅशकडे वळला आणि जाडी पावणेदोन इंचांवर स्थिरावली. घरी गिटार करणारे आजही याच मापाची फळी शोधतात. अ‍ॅश टणक. त्याच्या रेषा ठसठशीत, आणि अर्धपारदर्शक पिवळसर रंगाखाली त्या उठून दिसत. 1951 पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाणारी गिटार म्हणजे हीच. 1954 ला आलेली स्ट्रॅटोकास्टरही आधी अ‍ॅशचीच होती.

आता जरा या अ‍ॅशच्या फळीकडे जवळून पाहू. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळीवर बोट फिरवलं तरी बारीक चरे जाणवतात. या झाडाच्या रसवाहिन्या मोठ्या, आणि फळी चिरली की त्या उघड्या पडतात. त्यावर सरळ रंग मारला तर तो चऱ्यांत बसतो आणि वाळल्यावर पृष्ठभाग पुन्हा खडबडीत. म्हणून आधी फिलर चोळून भरायचा, वाळू द्यायचा, काचकागदाने घासायचा, राहिलेले चरे पुन्हा भरायचे, आणि मग रंगाकडे वळायचं. दिवसाला थोडकी धडं करणाऱ्याला हे जमतं. मागणी वाढत चाललेल्या कारखान्यात प्रत्येक धडामागे हे दोन-तीन हात जास्तीचे लागतात. आल्डरची छिद्रं बारीक आणि बंद. घासलं, सीलर मारला की रंगाला तयार. शिवाय ते स्वस्त होतं. वॉशिंग्टन आणि ऑरेगनच्या किनारी डोंगरांत, मोठी झाडं तोडून नेलेल्या जागेवर ते झपाट्याने उगवे, आणि लाकूडतोडे त्याला तणासारखं मानत. 1956च्या मध्यापासून कडेला गडद आणि मधे पिवळा असा सनबर्स्ट रंग द्यायच्या स्ट्रॅटोकास्टर आल्डरच्या होऊ लागल्या. रेषा दाखवणारा पिवळसर रंग हवा असेल तिथे अ‍ॅश राहिला.

म्हणजे कुठल्या गिटारला कुठलं लाकूड, हे फेंडरच्या कारखान्यात रंगाने ठरवलं. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. 1960च्या दशकात रेकॉर्डवर ज्या स्ट्रॅटोकास्टर ऐकून जगभरची तरुण मुलं वेडी झाली, त्या बहुतेक आल्डरच्या होत्या. त्या मुलांना तो आवाज हवा होता, गिटार उघडून पाहिली तर आत आल्डर सापडत होतं, आणि आवाजाचं श्रेय आपोआप आल्डरला गेलं. कान एका आवाजाला सरावले आणि मग वखारीतला सोयीचा निर्णय सौंदर्याचा नियम होऊन बसला.

गिब्सनची कथा थोडी वेगळी आहे, कारण मिशिगनमधल्या कलामाझूच्या त्या कारखान्यात वाद्यकारागिरीची जुनी परंपरा होती. फेंडरची फळी खपते आहे हे पाहून त्यांनी लेस पॉलला परत बोलावलं आणि 1952 मध्ये त्याच्या नावाची गिटार काढली. धड महोगनीचं, वर मेपलचा कोरीव माथा. कंपनीचा तेव्हाचा प्रमुख टेड मॅकार्टी याने नंतर सांगितलं की कोरीव माथा घडवायची यंत्रं फेंडरकडे नव्हती, आपल्याकडे होती, म्हणून तो केला. सगळंच मेपल घेतलं तर गिटार गळ्यात पेलवणार नाही इतकी जड होते, म्हणून खाली महोगनी. महोगनी तिथे वर्षानुवर्षं मानेसाठी वापरात होती. सरळ रेषांची, घडवायला मऊ आणि एकदा सुकली की सहसा न वाकणारी. एवढं देखणं मेपल वर बसवून त्यांनी ते सोनेरी रंगाखाली झाकून टाकलं. लाकूड डोळ्यांना दिसू लागलं ते 1958 पासून, पारदर्शक लालसर रंग आल्यावर. त्या दोन-तीन वर्षांतल्या गिटार आज घराच्या किमतीला जातात. त्यांच्या किमतीबरोबर महोगनी-मेपलच्या जोडीचा दबदबाही वाढत गेला.

याच काळात न्यू जर्सीत नेथन डॅनियल डॅनइलेक्ट्रो नावाने गिटार बनवत होता. साध्या लाकडाची चौकट, तिच्या वर-खाली मेसनाइटचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या हार्डबोर्डाचे पत्रे. पिकअपच्या नळ्या लिपस्टिकच्या. सियर्स या दुकानसाखळीतून त्या स्वस्तात विकल्या जात आणि अमेरिकेतल्या कितीतरी मुलांची ती पहिली गिटार होती. लेड झेपेलिनचा जिमी पेज पुढे मोठमोठ्या मैफलींत अशीच डॅनइलेक्ट्रो वाजवत असे. रेषाच नसलेल्या, दाबलेल्या तंतूंच्या फळीची गिटार. आवाजाचं सगळं मर्म लाकडाच्या जातीत आहे असं म्हणणाऱ्यांना हिचं उत्तर द्यावं लागेल, आणि समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

घरी बनवलेल्या गिटारचा खरा बहर मात्र इंग्लंडमध्ये आला, आणि तो टंचाईतून. युद्धानंतर डॉलर वाचवण्यासाठी ब्रिटनने अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध घातले होते. 1959 मध्ये ते उठेपर्यंत फेंडर आणि गिब्सन मुलांना फोटोतच दिसत. 1956च्या सुरुवातीला लॉनी डोनेगनच्या गाण्यामुळे स्किफलची लाट आली. चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून बास करायचा, कपडे धुवायची पन्हाळी फळी तालाला घ्यायची. त्या लाटेतल्या मुलांना गिटार हवी होती आणि पैसे नव्हते. ती त्यांनी टेबलांतून, कपाटांतून, दारांतून कापून काढली.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध गिटार लंडनजवळच्या फेल्टममध्ये तयार झाली. सोळा वर्षांच्या ब्रायन मेने 1963च्या ऑगस्टमध्ये वडिलांबरोबर ती करायला घेतली. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, हाताने काम करणारे. मानेसाठी त्यांना शंभरेक वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं महोगनी मिळालं. त्याला वाळवीसारख्या किड्याने भोकं पाडली होती. मेने त्यात आगकाड्या बसवून ती बुजवली. धडाचा मधला भाग जुन्या टेबलाच्या ओकचा, बाजू ब्लॉकबोर्डच्या, त्यावर महोगनीचं विनिअर. आत त्याने पोकळ्या ठेवल्या. सूर खालीवर करणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला आईची विणायची सुई, मानेवरच्या खुणांना शिंपल्याची बटणं. दोनेक वर्षं काम चाललं. 1970 नंतर क्वीन या त्याच्या बँडच्या जवळपास सगळ्या ध्वनिमुद्रणांत जी गिटार ऐकू येते ती हीच, ‘रेड स्पेशल’. तिच्या शेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी शाळेत शिकला तो आपल्या पाचगणीला, आणि पहिल्या बँडमध्ये वाजवू लागला तोही तिथेच.

ब्लॉकबोर्ड आपल्याकडे स्वयंपाकघराच्या फडताळाला लावतात. कुठल्याही यादीत ते गिटारचं लाकूड म्हणून येत नाही. मे बाप-लेकांनी मात्र हाती असलेल्या प्रत्येक तुकड्याला नेमकं काम दिलं: जिथे मान आणि घोडी पेलायची तिथे ओक, जिथे नुसता आकार भरायचा तिथे ब्लॉकबोर्ड, आणि जिथे वर्षानुवर्षं ताण सहन करायचा तिथे शतकभर सुकलेलं महोगनी. लाकडाची निवड म्हणजे काय याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

यादीतल्या लाकडांवर नंतर संकटंही आली. गिटारसाठी आवडता झालेला हलका ‘स्वँप अ‍ॅश’ हा मिसिसिपीच्या खालच्या अंगाला, पाणी साचणाऱ्या जमिनीत वाढतो. 2002 मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगा आढळला. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग खातात, झाडाचा रस तुटतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कोट्यवधी अ‍ॅश त्यात गेले. त्यात पुराचं पाणी दीर्घ काळ तुंबल्याने तोडही अडू लागली. 2020 मध्ये फेंडरने जाहीर केलं की नेहमीच्या उत्पादनातून अ‍ॅश काढून घेत आहोत, काही निवडक गिटारपुरताच तो राहील. त्याच वर्षी त्यांच्या नव्या मालिकेत भट्टीत भाजलेल्या पाइनची धडं आली.

आपल्या सह्याद्रीचा या कथेत एक धागा आहे, तो शिसवाचा. ब्राझिलियन रोझवूड दुर्मिळ झालं तेव्हा मार्टिन या अमेरिकी कंपनीने 1969 पासून अकूस्टिक गिटारच्या पाठी-बाजूंना भारतीय रोझवूड घेतलं. पश्चिम घाटात वाढणारं, ज्याचे पाट आणि देवघरं आपल्या आजोळी असत, तेच हे काळपट जांभळं शिसव. त्याच सुमारास फेंडरने जॉर्ज हॅरिसनसाठी आख्खी रोझवूडची टेलिकास्टर केली. जानेवारी 1969 मध्ये लंडनच्या गच्चीवर बीटल्सनी लोकांसमोर शेवटचं एकत्र वाजवलं तेव्हा ती त्याच्या गळ्यात होती. पुढे बाजारात आलेल्या प्रती इतक्या जड झाल्या की त्या आतून पोकळ कराव्या लागल्या. 2017 पासून शिसवाच्या साऱ्या गोतावळ्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला, तयार वाद्यांना सूट मिळाली ती 2019च्या अखेरीस. शिसव मानेवरच्या पट्टीला शोभतं. पहिल्या धडासाठी ते घेऊ नये असं मी आग्रहाने सांगेन.

कारण धडाला लाकूड निवडताना आधी वजन पाहायचं असतं. टेलिकास्टरच्या आकाराचं धड साधारण सव्वाचार लिटर भरतं. आल्डर किंवा पाइनमध्ये ते दोन किलोच्या आत राहतं, सागवानात पावणेतीन किलोच्या आसपास जातं, शिसवात साडेतीनच्या घरात. वर मान आणि लोखंड. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो, आणि आवाजातला जो फरक सांगितला जातो त्याहून तो कितीतरी ठळक असतो. नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकाने तर धडच काढून टाकून, दोन जड टेबलांमध्ये तारा ताणून, तेच पिकअप त्याच उंचीवर लावून पाहिलं. आवाज इलेक्ट्रिक गिटारचाच आला, आणि चांगला आला.

आपल्याकडच्या वखारीत हलक्या लाकडांपैकी शिवण पाहावं. ते फिकट, घडवायला सोपं आणि हवामानाने फारसं न वाकणारं असतं. तून मिळालं तर उत्तमच. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला तेच वापरतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते महोगनीच्याच कुळातलं आहे. आंबा स्वस्त पडतो, पण नीट सुकवला नाही तर त्याला पीळ पडतो आणि कीडही लवकर लागते. जुन्या वाड्याच्या सागाची तुळई मिळाली तर वजनाचा विचार करून, आतून पोकळ्या काढून ती वापरता येते. खिळे मात्र चुंबक फिरवून शोधायचे, नाहीतर राउटरचं पातं जातं. परदेशी यंत्रांबरोबर येणाऱ्या खोक्यांचं पाइनही चालतं. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर विषारी धूर दिलेलं. ते घेऊ नये.

तेरा इंच रुंदीची एकसंध फळी शोधत बसण्यात अर्थ नाही. फेंडरच्या धडांतही दोन-तीन फळ्या जोडलेल्या असत. साडेसहा-सात इंचांच्या दोन फळ्या घ्याव्यात, कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्यात की जोडून उजेडासमोर धरल्या तर फट दिसू नये. फळी घेताना तिचं टोक पाहावं. तिथे झाडाची वर्तुळं दिसतात. ती जितकी उभी, तितकी फळी कमी वळते. झाडाच्या अगदी मध्याचा भाग आला असेल तर तिथूनच चीर जाणार. गाठ मानेच्या खाचेत किंवा घोडीच्या स्क्रूखाली येणार नाही एवढं बघावं, बाकी कुठेही असली तरी अडत नाही.

आणि वखारवाला सुकलेलं आहे म्हणाला तरी फळी लगेच कापू नये. घरात, जिथे गिटार राहणार त्याच हवेत, दोन्ही अंगांना वारा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवावी आणि दर आठवड्याला सामान तोलायच्या काट्याला लावून आकडा खडूने तिच्यावरच लिहावा. पावसाळ्यात आणलेली फळी दिवाळीपर्यंत उतरत राहते. लागोपाठ तीन-चार आठवडे तोच आकडा आला की कडा रंधून जोड द्यायला हरकत नाही.